डेबेनचे दोन उंबरठे

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, सफोक परगण्यांत, ऑरवेल व डेबेन या दोन नद्या शेजारींशेजारीं समुद्रास मिळतात. ऑरवेलच्या कांठीं शिडाच्या होड्यांचे जुने क्लब आहेत. त्यांतील रॉयल हार्विच यॉट क्लब तर १८४३ सालीं स्थापन झालेला. शनिवार-रविवारची जोडसुटी साधून क्लबाच्या आठदहा होड्यांनीं मिळून डेबेनमधील वुडब्रिज गांवीं जावें, रात्रीं एकत्र जेवावें आणि दुसरे दिवशीं परतावें, असा हा बेत असतो. ऐकावयास तो सोपा वाटतो, आणि जावयास सोपा आहेही. अवघड आहे तें परत येणें.

डेबेनच्या मुखाशीं समुद्रानें आणून टाकलेल्या गोट्यांचा बांध आहे. वादळांबरोबर तो जागा बदलतो, व त्याच्या मागें मार्गदर्शक बोयेही हलवावे लागतात. सबब गतवर्षींच्या नकाशावर विसंबणारा तांडेल शहाणा म्हणतां येणार नाहीं. कोंकणांतील खाड्यांच्या तोंडचे वाळूचे दांडे ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांस हें निराळें सांगावयास नकोच. असा बांध नेहमीं चढत्या पाण्यावर ओलांडावा. चढत्या पाण्यावर होडीचा तळ टेकलाच, तर थोड्या वेळानें भरतीच तिला उचलते. उतरत्या पाण्यावर टेकली, तर घटकेघटकेनें पाणी कमी होतें, लाटा तिला आपटूं लागतात आणि पुढील भरतीपर्यंत सुटका नसते.

आंत शिरल्यावर मात्र भरती स्वतःच नऊएक मैल वर वाहून नेते. उजव्या हातास रॅम्सहोल्टचा धक्का लागतो. पुढें त्याच बाजूस टेकडीवर सटन हू. सातव्या शतकांतील एका राजपुरुषास सुमारें ९० फूट लांबीच्या जहाजांत तेथें पुरलें होतें, व १९३९ सालीं तें दफन उजेडांत आलें. लांकूड कुजून गेलेलें. पण लोखंडी खिळ्यांच्या ओळींवरून जहाजाचा आकार जसाच्या तसा उमटला होता. समोरच्या तीरावर वुडब्रिजची भरतीवर चालणारी पिठाची गिरणी आहे. अशा गिरणीचा उल्लेख येथें ११७० सालापासून सांपडतो, आणि आजच्या इमारतींत १९५७ पर्यंत ती धंद्यासाठीं चालली. भरतीचें पाणी तळ्यांत कोंडावयाचें व ओहोटीस सोडून चाक फिरवावयाचें, ही तिची युक्ति. तें जुनें तळें म्हणजेच आजचें होड्यांचें बंदर.

या बंदराच्या दाराशीं पाण्याखालीं बांधलेला एक उंबरठा आहे. त्यामुळें ओहोटींतही आंत पाणी राहतें. पण भरतीच्या आगेंमागें कांहीं तास वगळले, तर आंत-बाहेर कोणासही करतां येत नाहीं. येतांना हे दोन्ही उंबरठे एकाच भरतीवर साधतात. जातांना दार उघडावें भरतीस, आणि नऊ मैल खालीं बांधाशीं पोंचावें तों ओहोटी लागलेली! समुद्रावरून वारा असेल तर तेथें लाटा नुसत्या उभ्या राहतात.

मग उपाय दोन. दारावर पुरेसें पाणी होतांच, पूर्ण भरतीची वाट न पाहतां, उलट्या प्रवाहाशीं झगडत खालीं यावें. पण ज्या होडीचा कणा खोल तिला ही संधि उशिरां मिळते, आणि येथेंच तांडा फुटतो. नाहीं तर ओहोटीबरोबर रॅम्सहोल्टपर्यंत येऊन नांगर टाकावा व पुढील भरतीची वाट पाहावी. पुढील भरती बारा तासांनीं. म्हणजे बहुधा रात्रीं, किंवा सोमवारीं. आणि सोमवारीं कचेरी असते. बांधावरील जोखीम खरोखर तेथून येते असें आम्हांस वाटतें. वारा दिसतो, लाटा दिसतात, तरी "सर्व जात आहेत, आपणही जाऊं" असें मनांत येतें; इंजिन आहे हा भरंवसा त्यांत भर घालतो. सफरीचा प्रमुख वेळापत्रक आंखून देईल, परंतु बांध ओलांडावा कीं नाहीं हें ज्याच्या त्याच्या तांडेलानेंच ठरवावयाचें, असा या छंदांत दंडक आहे. आणि तो योग्यच आहे.

म्हणूनच जुने जाणते लोक सफरीची तारीख भरतीच्या कोष्टकावरून काढतात. हार्विचला अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पूर्ण भरती दुपारच्या आसपास येते. वेळा सोईच्या, पण उधाणाची ओहोटीही तितकीच जोराची. भांगाच्या दिवसांत प्रवाह सौम्य, तर भरती भल्या पहांटे. कांहीं जण शनिवारींच वुडब्रिजचें भोजन सोडून रॅम्सहोल्टला नांगरतात. रविवारीं चढत्या पाण्यावर ते निमूटपणें बाहेर पडतात, त्या वेळीं वरच्या बंदरांत इतरांचा चहा चाललेला असतो.