समाईक म्हणजे बेवारस नव्हे

ओषधींची नावे व रूपे शेळ्यामेंढ्या राखणारे, गुराखी आणि वनवासी जाणतात, असे चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पहिल्याच अध्यायात म्हटले आहे. अरण्यातील माणसाचे ऋण आपल्या शास्त्राने असे आरंभीच मान्य केले. त्या ऋणाची नोंद ठेवण्याची सवय मात्र आपण वैद्यांनी लावून घेतली नाही.

प्रस्तुत लेखकही त्यास अपवाद नाही. व्यवसायाच्या प्रारंभी धानोरा तालुक्यातील एका वृद्ध गोंड जाणकारांनी मला एका मुळीचा उपयोग शिकविला. मोबदला घेतला नाही. दोनच अटी घातल्या. झाड समूळ उपटू नये आणि गरजूला औषध नाकारू नये. पुढे एका परिसंवादात तोच उपयोग मी 'स्वानुभव' म्हणून मांडला. ना त्यांचा उल्लेख केला, ना गावाचा. मुक्तपणे दिलेले ज्ञान मी बेवारस समजलो.

कायद्याची दृष्टीही फार निराळी नाही. जखमेवरील हळदीच्या उपयोगाचे १९९५ साली अमेरिकेत दिलेले पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले, ते वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने लिखित पुरावे सादर केले म्हणून. परदेशातील निव्वळ मौखिक परंपरा त्या काळी अमेरिकी कायद्यास पुरेशी नव्हती. आपल्याकडे जैवविविधता कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथोक्त ज्ञानास, तसेच उपजीविकेसाठी व्यवसाय करणाऱ्या नोंदणीकृत आयुष चिकित्सकांस राज्य मंडळाला पूर्वसूचना देण्याच्या बंधनातून सूट दिली. ही सूट आपल्या सोयीची आहे. परंतु त्यामुळे, जे ज्ञान ग्रंथात नाही त्याच्याविषयीची आपली नैतिक जबाबदारी वाढते, कमी होत नाही.

याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यांत आहे. वनहक्क कायदा, २००६ अन्वये गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. चंद्रपूरमधील पाचगावला २०१२ मध्ये असा हक्क मिळाल्यावर तेथील ग्रामसभेने झाडांची छाटणी व वणवे टाळण्यासाठी तेंदूपाने तोडणेच बंद केले. जंगल समाईक झाले म्हणून मोकाट झाले नाही. त्याला नियम आले. त्याच कायद्याने जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावरील समूहाचा हक्कही मान्य केला आहे.

तेव्हा मुक्तपणे दिलेल्या ज्ञानालाही 'समाईक ठेवा' असा स्पष्ट कायदेशीर दर्जा हवा. रुग्णसेवेसाठी ते सर्वांना खुले असावे, त्यावर कोणासही मक्तेदारी सांगता येऊ नये आणि देणाऱ्याच्या अटी घेणाऱ्यावर बंधनकारक असाव्यात. मुक्त संगणकप्रणालींचे काही परवाने याच तत्त्वावर चालतात. काय सांगावे आणि काय राखून ठेवावे, हे मात्र ग्रामसभेनेच ठरवावे. मे २०२४ मध्ये जिनिव्हा येथे स्वीकारलेल्या आंतरराष्ट्रीय करारात, पेटंट अर्ज पारंपरिक ज्ञानावर आधारित असल्यास त्याचा स्रोत उघड करण्याची अट आहे. दिशा योग्य आहे. पण उल्लेख म्हणजे हक्क नव्हे.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या त्रैमासिकाने एक नियम करावा. वनौषधीवरील प्रत्येक लेखात ज्ञान कोणत्या गावाचे, कोणाच्या संमतीने घेतले व कोणत्या अटींवर, याची नोंद असावी. माझ्या त्या जुन्या निबंधाची दुरुस्ती, ग्रामसभेची संमती मिळताच, मी प्रथम पाठवीन.