विश्लेषण : मॉडिफाय केलेल्या गाडीचे ‘फटाके’ नेमके कशामुळे?

नवा सायलेन्सर बसवला, कोन फिल्टर लावला, जमले तर ईसीयूचा ‘रीमॅप’ही करून घेतला. पंधरा दिवस गाडी झकास धावते. मग सिग्नलला उभी असताना ती थरथरू लागते आणि ॲक्सिलरेटर सोडला की मागून फटाका वाजतो. बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाडीत तर आवाज बॉनेटखालून येतो. मग गॅरेजच्या चकरा सुरू होतात. आधी प्लग, मग कॉइल, मग इंजेक्टर, शेवटी सेन्सर. बिल वाढत जाते, थरथर मात्र तशीच राहते. अशा गाड्यांतील दोष अनेकदा किरकोळ असतो, पण अंदाजाने सुटे भाग बदलत राहण्याची सवय मालकाला महागात पाडते.

आवाज कुठून येतो, हे महत्त्वाचे का?

‘गाडी बॅकफायर मारते’ असे सरसकट म्हटले जाते, पण त्यात दोन वेगळे प्रकार आहेत. पहिला आवाज इनटेककडून, म्हणजे एअर फिल्टरच्या बाजूने येतो. मिश्रणात इंधन कमी पडले की ते संथ जळते आणि इनटेक व्हॉल्व्ह पुन्हा उघडेपर्यंत जळतच राहते. ज्वाळा उलटी मॅनिफोल्डमध्ये शिरते. चुकलेले टायमिंग किंवा नीट न बसणारा व्हॉल्व्ह यामुळेही हेच होते. दुसरा आवाज सायलेन्सरमधून येतो. सिलिंडरमध्ये न जळलेले इंधन तापलेल्या एक्झॉस्टमध्ये पोहोचते आणि हवा मिळताच तिथे पेटते. म्हणून मेकॅनिकला ‘आवाज येतो’ एवढेच सांगणे पुरेसे नाही. तो पुढून येतो की मागून, इंजिन थंड असताना की गरम झाल्यावर, रेस देताना की सोडताना, हे सांगितले तर शोधाची निम्मी वाट सरते.

आयडलिंगलाच गाडी का थरथरते?

आयडलिंगला थ्रॉटल जवळपास बंद असतो, इंजिन फार थोडी हवा घेते आणि मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम मोठा असतो. अशा वेळी एखाद्या फुटलेल्या होजमधून किंवा सैल क्लॅम्पमधून शिरणारी थोडी हवाही मिश्रण बिघडवते. रेस दिल्यावर एकूण हवा वाढते, गळतीचा वाटा नगण्य होतो आणि गाडी सुरळीत वाटते. ‘हायवेला ठीक, सिग्नलला मिसिंग’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण असते.

ते आकड्यांत पाहता येते. पेट्रोलचे आदर्श मिश्रण वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग इंधन असे असते. ऑक्सिजन सेन्सरच्या सांगण्यावरून ईसीयू इंधन किती टक्के वाढवतो वा घटवतो, त्याला ‘फ्युएल ट्रिम’ म्हणतात. आयडलिंगला हा आकडा अधिक २० टक्के आणि २५०० आरपीएमला अधिक ३ टक्के दिसला, तर हवेची गळती शोधावी. उलट भार वाढेल तसा ट्रिम वाढत गेला, तर इंधनाचा दाब कमी पडतोय किंवा हवा मोजणारा सेन्सर कमी आकडा सांगतोय, असा संशय घ्यावा. या वाचनासाठी लागणारा साधा ब्लूटूथ स्कॅनर एका चुकीच्या सेन्सरच्या किमतीपेक्षा बराच स्वस्त मिळतो.

बदलांमुळे नेमके काय बिघडते?

सर्वात फसवा दोष एक्झॉस्टचा. नवा हेडर बसवताना गास्केट नीट बसले नाही आणि गळती ऑक्सिजन सेन्सरच्या आधी असेल, तर त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटते, इंधन कमी आहे. ईसीयू इंधन वाढवतो, ते जादा इंधन एक्झॉस्टमध्ये जाते आणि फटाके वाजतात. इंजिनात काहीही बिघडलेले नसते, तरी इंजेक्टर बदलले जातात.

तेल लावलेल्या कोन फिल्टरचे तेल हवेच्या सेन्सरच्या तारेवर बसले की मोजमाप चुकते. जास्त ओव्हरलॅपचा कॅमशाफ्ट बसवला असेल, तर आयडलिंग थोडे खडबडीत राहणारच. तो दोष नसून त्या कॅमचा स्वभाव आहे, पण ट्यूनही त्यानुसार बदलावा लागतो. ‘पॉप्स अँड बँग्स’च्या रीमॅपमध्ये तर रेस सोडल्यावर मुद्दाम इंधन दिले जाते आणि स्पार्क उशिरा टाकला जातो. हौसेने विकत घेतलेल्या या आवाजाची किंमत तापून खराब होणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या रूपाने मोजावी लागते.

सीएनजी किटच्या गाड्यांत धोका अधिक का?

सीएनजी-हवेचे मिश्रण पेटवायला जास्त व्होल्टेज लागते. पेट्रोलवर निभावून नेणारी कमजोर कॉइल किंवा झिजलेला प्लग गॅसवर लगेच मिसफायर करतो. जुन्या मिक्सर पद्धतीच्या किटमध्ये संपूर्ण मॅनिफोल्ड गॅस-हवेच्या मिश्रणाने भरलेले असते, त्यामुळे ज्वाळा उलटी आली की एअर फिल्टरचा डबाच फुटू शकतो. सिक्वेन्शियल किटमध्ये गॅस प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी सोडला जातो, म्हणून हा धोका कमी होतो, पण संपत नाही. गॅसवर दीर्घकाळ चालवल्यास व्हॉल्व्हच्या सीट झिजून क्लिअरन्स कमी होतो आणि गरम इंजिनात व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही.

मात्र या गाड्यांत एक फुकटची चाचणीही आहे. गाडी पेट्रोलवर टाकून पाहावी. दोन्ही इंधनांवर थरथर सारखीच असेल तर दोष इंजिन, इग्निशन किंवा हवेच्या गळतीत शोधावा. फक्त गॅसवर असेल तर आधी प्लग-कॉइल, मग किटचे रेग्युलेटर, फिल्टर आणि ट्यूनिंग पाहावे.

तपासणीचा क्रम कसा असावा?

सुरुवात शेवटच्या बदलापासून करावी. गाडी आधी ठीक होती आणि अमुक काम केल्यानंतर बिघडली, तर त्या कामात उघडलेला प्रत्येक होज, कनेक्टर आणि गास्केट आधी पाहावा. त्यानंतर स्कॅनर लावावा. पी ०३०२ हा कोड दुसऱ्या सिलिंडरचा मिसफायर दाखवतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइल अदलाबदल कराव्यात. कोड पी ०३०३ झाला तर कॉइल खराब, जागेवरच राहिला तर प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशनकडे वळावे. पी ०३०० म्हणजे मिसफायर एका सिलिंडरपुरता नाही. तिथे हवेची गळती, इंधनाचा दाब किंवा चुकीचा रीमॅप हे संशयित.

गळतीसाठी स्मोक टेस्ट उत्तम. गरम इंजिनावर कार्ब क्लीनर फवारून गळती शोधण्याची पद्धत आग लावू शकते. शेवटी कॉम्प्रेशन मोजावे. या सर्व काळात ‘चेक इंजिन’चा दिवा लुकलुकत असेल, तर गाडी चालवू नये. कन्व्हर्टरला इजा पोहोचवण्याइतका मिसफायर होत असल्याची ती सूचना असते.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी नोंदणीतील तपशील विसंगत ठरेल, असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच अधोरेखित केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. सीएनजी किट मान्यताप्राप्त असावे, त्याची नोंद आरसीवर असावी आणि सिलिंडरची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी व्हावी, अशी अपेक्षा आहे. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर दावा नाकारण्याचे कारण ठरू शकतो.

मग चूक कोणाची?

दोघांचीही. दंडाच्या किंवा वॉरंटी जाण्याच्या भीतीने मालक बदल लपवतो, आणि मेकॅनिक मूळ गाडी समजून तपासत बसतो. दुसरीकडे, अनेक गॅरेज तपासणीचे पैसे वेगळे मागायला संकोचतात. मालकही ‘नुसते बघायचे पैसे कशाला?’ असे विचारतो. मग कमाई सुट्या भागांतूनच होते आणि भाग बदलण्याचाच मोह वाढतो. तासाभराच्या तपासणीचे पैसे आनंदाने द्यावेत आणि त्या बदल्यात आकडे लिहून मागावेत. बदलापूर्वीचे व नंतरचे फ्युएल ट्रिम, कोड, कॉम्प्रेशन, रीमॅप केला असेल तर मूळ फाइलची प्रत, आणि काढलेले जुने भाग. एवढे द्यायला जे गॅरेज तयार नाही, त्याच्याकडे बदलही करून घेऊ नये.