थापी आपल्या हाती



पिंपळीसारख्या गावात घराचा गिलावा निघाला की घमेली उचलायला बाई लागते. ठेका मात्र पुरुषाच्या नावावर. समान कामाला समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला. पण गवंडीकाम बाईला शिकवलंच नाही, तर तिची मजुरी बिगाऱ्याचीच राहते.

१९९३ च्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात घरदुरुस्तीसाठी गावच्या बाया संवाद सहायक झाल्या. काहीजणी गवंडीकामही शिकल्या.

मला वाटतं, पिंपळीतही बायांनी गटाने ठेके घ्यावेत. मोजमाप, सामान, मजुरी वेगवेगळी लिहून द्यावी. तारीख पाळावी, गळती निघाली तर पुन्हा जावं. एक घर नीट झालं की शेजारचं गिऱ्हाईक आपणहून येतं. मात्र पावतीवर सही बाईची आणि पैसेही तिच्याच खात्यात हवेत.