सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा नकाशा : स्पष्ट, पण विश्वासार्ह?

मधुमेहाने होणारी मूत्रपिंडाची हानी असो, कर्करोगाच्या गाठीची वाढ असो वा स्मृतिभ्रंशाचे काही प्रकार असोत, या विकारांत अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या अवस्थेला मोठे महत्त्व आहे. नेमक्या याच वाहिन्या नेहमीच्या सोनोग्राफीत दिसत नाहीत. पाच मेगाहर्ट्झच्या ध्वनीची शरीरातील तरंगलांबी सुमारे ०.३ मिलिमीटर असते. तिच्या निम्म्याहून कमी अंतरावरील दोन वस्तू एकमेकींत मिसळून जातात. केशवाहिनीचा व्यास तर अवघा ५ ते १० मायक्रॉन.

ही मर्यादा ओलांडण्याची युक्ती प्रकाशशास्त्रातून आली. एकेक रेणू सुटा चमकवून त्याचे स्थान निश्चित करण्याच्या पद्धतीला २०१४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात मान मिळाला. सोनोग्राफीत रेणूंची जागा वायूच्या बुडबुड्यांनी घेतली. काही मायक्रॉन आकाराचे हे बुडबुडे शिरेतून टोचले जातात. पडद्यावर प्रत्येक बुडबुडा पसरट ठिपक्यासारखा दिसतो. परंतु तो सुटा असल्यास त्याचा मध्य अचूक काढता येतो. सेकंदाला शेकडो प्रतिमा घेऊन अशा असंख्य बुडबुड्यांचा माग काढला, की नकाशा उमटतो. पॅरिसमधील मिकाएल तांतेर यांच्या गटाने २०१५ मध्ये उंदराच्या, तर २०२१ मध्ये माणसाच्या मेंदूतील वाहिन्या अशा रीतीने टिपल्या.

खरी अडचण वेळेची आहे. बुडबुडे विरळ ठेवावेत, तर चित्र भरण्यास फार वेळ लागतो. दाट करावेत, तर ठिपके एकमेकांवर चढतात. दरम्यान रुग्णाचा श्वास चालूच असतो, आणि श्वासागणिक यकृत व मूत्रपिंड कित्येक मिलिमीटर सरकतात. कवटीचे हाड ध्वनितरंगांना वेडेवाकडे करते, ते निराळेच. केशवाहिन्यांतून तर बुडबुडे क्वचित आणि संथपणे जातात. त्यामुळे नकाशात वाहिनी न दिसणे म्हणजे ती नसणे नव्हे. तेथून बुडबुडा गेलाच नसेल, अशीही शक्यता असते.

यावर उपाय म्हणून संगणकीय बुद्धिमत्तेकडे आशेने पाहिले जाते. कृत्रिम नमुन्यांवर शिकविलेल्या आज्ञावल्या दाट ठिपकेही वेगळे करतात आणि वेळ वाचवितात. तथापि, शिकविलेल्या नमुन्यांहून रुग्णाचे शरीर वेगळे निघाले, तर तीच आज्ञावली नसलेली वाहिनी रेखाटू शकते किंवा असलेली पुसू शकते. प्रयोगशाळेत ही तांत्रिक चूक ठरेल. शस्त्रक्रियेचा निर्णय घेणाऱ्या डॉक्टरांसाठी ती घातक ठरू शकते.

म्हणूनच यापुढील प्रगती केवळ मायक्रॉनमध्ये मोजून भागणार नाही. विविध पद्धतींची तुलना करता यावी, यासाठी २०२२ मध्ये संशोधकांनी प्रतिमासंच व आज्ञावल्या सर्वांना खुल्या केल्या, ही योग्य दिशा होय. नकाशाचा कोणता भाग किती बुडबुड्यांच्या आधारे काढला, हेही चित्रासोबत नोंदविले गेले पाहिजे. सोनोग्राफीत किरणोत्सर्ग नाही आणि ती रुग्णाच्या खाटेपाशी करता येते. या गुणांचा लाभ सूक्ष्म वाहिन्यांच्या निदानात मिळवायचा, तर देखण्या चित्रापेक्षा खात्रीच्या चित्राला अग्रक्रम द्यावा लागेल.