रोजा, रक्तदाब आणि इफ्तारची थाळी

असरची नमाज झाली की मशिदीजवळच्या गल्लीत कढया चढतात. भजी, समोसे, कबाब यांचा दरवळ सुटतो. दिवसभर उपाशी असलेला रोजेदार आणि हौसेने आलेला त्याचा हिंदू मित्र एकाच गाडीपाशी उभे असतात. रमजानचे हे दृश्य मला फार आवडते. पण त्याच गाडीपाशी मला अब्बा आठवतात.

अब्बांना जुना रक्तदाबाचा विकार होता. एका रमजानमध्ये ‘रोज्यात गोळी चालत नाही’ म्हणून त्यांनी कुणाला न सांगता औषध बंद केले. सतराव्या रोज्याला त्यांचे तोंड वाकडे झाले. जीव वाचला, पण उजवा हात गेला. डॉक्टरांना विचारले असते, तर कदाचित तीच गोळी सहरीला किंवा इफ्तारनंतर घेता आली असती.

रक्तदाब १४०/९० च्या वर राहू लागला तरी बहुतेकांना काहीच त्रास जाणवत नाही. धोका नेमका इथेच आहे. मीठ शरीरात पाणी धरून ठेवते आणि रक्तवाहिन्यांवरचा ताण वाढवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला मीठ ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट चमचाभरापेक्षा कमी हवे. पापड, लोणचे, फरसाण आणि तळणाने भरलेली एक इफ्तार थाळी हा हिशेब सहज बिघडवते. श्रावणात उपवासाच्या चिवड्याचेही तेच होते. उपवास पोटाला असतो, जिभेला नसतो!

खजूर, फळे, पाणी आणि मग साधे जेवण, एवढी इफ्तार पुरेशी आहे. व्यायामही सोपाच आहे. आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास झपाझप चालायचे; त्याने रक्तवाहिन्या लवचीक राहतात. रमजानमध्ये दुपारच्या उन्हात नको, इफ्तारनंतर तासाभराने चालावे. तरावीहला मोटारसायकल घरी ठेवून पायी जावे. जो दिवसभर सिगारेट, तंबाखूशिवाय राहू शकतो, तो मगरिबनंतरही राहू शकतो. मात्र चालायला लागलो म्हणून गोळी आपल्या मनाने सोडू नये.

डॉक्टरांनी रोजा नको म्हटले, तर शरमण्याचे कारण नाही. आजाऱ्याने रोजे नंतर पूर्ण करावेत, ही सवलत खुद्द कुरआनने दिली आहे. ज्याला पुढेही ते शक्य नाही, त्याने फिदया म्हणून गरिबाला जेवू घालावे. आणि रोज्यात छातीत दुखले, बोलणे अडखळले, तर मगरिबची वाट न पाहता रोजा सोडून दवाखाना गाठावा. जीव ही अल्लाहची अमानत आहे.

या महिन्यात तोंडावर ताबा ठेवायची सवय लागते. ईदच्या शीरखुर्म्यानंतर ती सोडू नका. आणि आज घरी गेल्यावर अब्बांना, आजोबांना एवढे जरूर विचारा: गोळी घेतली का?