चिमणी गळतेय? आधी विचारा, थेंब आला कुठून

बाहेर धो धो पाऊस आणि कढईत कांदाभजी. गेल्या जुलैमधली ती संध्याकाळ मी विसरणार नाही. दुसरा घाणा तेलात सोडला आणि वरच्या चिमणीतून टपकन एक थेंब कढईत पडला. तापलेल्या तेलात पाणी पडलं की काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. तेल उसळलं, मनगटावर फोड आले आणि भजी तशीच राहिली.

पुढचे आठ दिवस माझा एकच कार्यक्रम. शेगडीवर वाटी ठेवायची, वाटी उचलून घाईघाईने पोळ्या करायच्या, पुन्हा वाटी ठेवायची. सर्व्हिसिंगला आलेल्या मेकॅनिकने दोन मिनिटं वर पाहिलं आणि सांगून टाकलं, ‘‘ताई, चिमणी जुनी झाली, बदलून टाका.’’ घर भाड्याचं. घरमालक म्हणणार वापरता तुम्ही, मी म्हणणार वस्तू तुमची. शेवटी आमच्या बिल्डिंगमध्ये प्लंबिंगची कामं करणाऱ्या काकांनी एकच प्रश्न विचारला, ‘‘पाऊस थांबला की गळायचं थांबतं का?’’ थांबत होतं. काकांनी मला खाली अंगणात नेलं आणि वर बोट दाखवलं. भिंतीतून बाहेर आलेल्या पाइपच्या तोंडावरचं झाकण वाऱ्याने उडून गेलं होतं. चिमणीला काहीच झालेलं नव्हतं.

तेव्हापासून एक गोष्ट मनात पक्की बसली आहे. थेंब जिथे पडतो तिथेच गळती असते असं नाही. म्हणून नवी चिमणी घेण्याआधी, अगदी मेकॅनिकला फोन करण्याआधीही, थोडा शोध तुम्ही स्वतः घ्या.

आधी प्लग काढा

चिमणीत मोटर आहे, दिवे आहेत, वायरिंग आहे. त्यात पाणी शिरलं तर शॉक बसू शकतो. त्यामुळे गळती दिसताच नुसतं चिमणीचं बटण बंद करून थांबू नका. भिंतीवरचा स्विच बंद करून प्लग काढा. प्लग हाताला येत नसेल तर स्वयंपाकघराचा एमसीबी खाली करा. हात ओले असताना काहीही करू नका. गळती सुरू झाल्यापासून घरातला ईएलसीबी वारंवार पडत असेल तर तो पुन्हा पुन्हा वर करण्याचा हट्ट सोडा. वायरिंगमध्ये ओल गेल्याची ती खूण असू शकते, इलेक्ट्रिशियनलाच बोलवा.

दुरुस्ती होईपर्यंत थेंबाखालच्या बर्नरवर तळण करू नका. दुसरा बर्नर वापरा, खिडकी उघडी ठेवा.

थेंब कधी पडतो?

दोन-तीन दिवस लक्ष ठेवा आणि फ्रिजवर एक कागद लावून वेळ लिहा. बहुतेक वेळा एवढ्यावरच उत्तर मिळतं.

फक्त पावसात, त्यातही वारा असताना गळतं : पाणी बाहेरून येतंय. डक्ट पाइपचं बाहेरचं तोंड किंवा पाइपभोवतीची भिंतीतली फट, या दोन जागा आधी पाहा.

पाऊस नसताना, स्वयंपाक करताना गळतं आणि थेंब पिवळसर, चिकट आहे : हे तेल आहे. तेलाची वाटी भरली असेल, जाळी तुंबली असेल किंवा धुतल्यावर ती नीट बसली नसेल. चिमणी एका बाजूला कललेली असली तरी तेल वाटीत न जाता कडेने ओघळतं.

थंडीच्या दिवसांत, भात-डाळ शिजताना किंवा पाणी उकळताना गळतं : ही वाफ आहे. गरम वाफ थंड पाइपला लागते, तिचं पाणी होतं आणि ते उलटं खाली येतं. दिल्ली, चंदीगड, डेहराडूनकडच्या कडक हिवाळ्यात राहणाऱ्यांना हा अनुभव जास्त येईल. पाइप लांबलचक असेल किंवा उघड्या बाल्कनीतून जात असेल तर आणखी.

पाऊस असो-नसो, गॅस चालू असो-नसो, दिवसरात्र गळतं : यात चिमणीचा दोष बहुधा नाही. वरच्या मजल्यावरचं बाथरूम, सिंकची लाइन किंवा भिंतीतला पाण्याचा पाइप तपासायला हवा. पाणी स्लॅबमधून सरकत येतं आणि जिथे भोक मिळेल तिथून उतरतं. चिमणीसाठी पाडलेलं भोक त्याला आयतंच सापडतं.

घरातल्या घरात तीन चाचण्या

पेपर नॅपकिन : थेंब पांढऱ्या नॅपकिनवर घ्या आणि तासाभराने बघा. पाणी असेल तर डाग वाळून जाईल. तेल असेल तर कागद पारदर्शक झालेला दिसेल आणि तसाच राहील.

टाल्कम पावडर : चिमणीचं वरचं कव्हर काढता येत असेल तर काढा. पाइप आणि आजूबाजूची भिंत कोरडी पुसून त्यावर पावडरचा हलका हात फिरवा. पुढच्या पावसात पाणी ज्या वाटेने येईल तिथे ओघळाची रेघ उमटेल. त्या रेघेचं वरचं टोक शोधा.

प्लास्टिकचा तुकडा : भिंतीवर ओलसर डाग असेल तर तो वरवर पुसून घ्या. त्यावर प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवा आणि दोन दिवसांनी पाहा. भिंतीकडच्या बाजूला पाणी साचलं असेल तर ओल भिंतीतून येतेय. खोलीकडच्या बाजूला दव धरलं असेल तर ती स्वयंपाकघरातली वाफ आहे.

तळमजला किंवा स्वतंत्र घर असेल तर कोरड्या दिवशी आणखी एक करता येतं. एकाने बाहेरून नळीने हळूहळू पाणी सोडायचं, दुसऱ्याने आत टॉर्च घेऊन उभं राहायचं. प्लग अर्थातच काढलेला हवा. सुरुवात पाइपच्या खालच्या बाजूपासून करा, प्रत्येक जागी काही मिनिटं थांबा, मग वर सरका. एकदम वरून पाणी ओतलं तर ते सगळीकडेच ओघळेल आणि नेमकी फट कळणार नाही. वरच्या मजल्यावर मात्र हा प्रयोग नको. खिडकीतून वाकून, स्टुलावर चढून काहीही करू नका. समोरच्या गच्चीतून किंवा खालून मोबाइलचा कॅमेरा झूम करून फोटो काढा, पुरेसं दिसतं.

दुरुस्ती कशी?

बाहेरचं झाकण : पाइपच्या तोंडावर काउल, म्हणजे खाली तोंड असलेलं झाकण हवंच. ते बसवताना वरची कड आणि दोन्ही बाजू सीलंटने बंद करा, खालची कड मात्र मोकळी ठेवा. चुकून आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट लागते. चारही बाजू बंद केल्या तर ते पाणी भिंतीत मुरतं.

पाइपचा उतार : भिंतीतून जाणारा पाइप बाहेरच्या दिशेला किंचित खाली झुकलेला हवा. तो आत झुकलेला असेल तर झाकण बदला, सीलंट लावा, पाणी येतच राहील. नवी चिमणी बसवून घेताना मेकॅनिकला हे आवर्जून सांगा.

भोवतीची फट : अनेक ठिकाणी ही फट नुसत्या व्हाइट सिमेंटने किंवा पीओपीने भरलेली असते. पीओपी ओल धरतं आणि भुसभुशीत होतं. ते खरवडून काढा, धूळ आणि तेलकटपणा साबणाच्या पाण्याने काढा, जागा पूर्ण वाळू द्या. मग बाहेरच्या भिंतीसाठी असलेलं सिलिकॉन सीलंट भरा. फट मोठी असेल तर आधी वॉटरप्रूफिंगचं मिश्रण घातलेल्या सिमेंटने भरून घ्या. ओल्या किंवा तेलकट जागेवर सिलिकॉन धरत नाही, त्यामुळे भर पावसात घाई करू नका. लावल्यावर निदान एक दिवस पाणी लागू देऊ नका.

पाइपचे सांधे : खाकी पॅकिंग टेप आणि सेलोटेप इथे चालत नाहीत. उष्णतेने त्यांचा गोंद सुटतो. ॲल्युमिनियम फॉइल टेप आणि क्लॅम्प वापरा.

तेलाची गळती : वाटी दर आठवड्याला पाहा. रोज फोडणी आणि आठवड्यातून एकदा तरी तळण होत असेल तर जाळ्या महिन्यातून एकदा गरम पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडमध्ये भिजवून धुवा आणि पूर्ण कोरड्या करूनच बसवा. ‘ऑटो क्लीन’ चिमणीतही तेल वितळून वाटीतच येतं, ती वाटी आपल्यालाच रिकामी करावी लागते. यात आळस करू नका. पाइपमध्ये साचलेलं तेल पेट घेऊ शकतं.

वाफेचं पाणी : स्वयंपाक सुरू करण्याआधी पाच मिनिटं चिमणी चालू करा आणि संपल्यावरही दहा मिनिटं चालू राहू द्या. पाइप जमेल तितका आखूड आणि कमी वळणांचा ठेवा.

आणि कबुतरं येतात म्हणून पाइपच्या तोंडावर मच्छरदाणीसारखी बारीक जाळी लावू नका. ती तेलाने तुंबते. मोठ्या भोकांची तारेची जाळी पुरते.

जुन्या बंगल्यातली विटांची चिमणी

सिमला, मसुरी, दार्जिलिंगकडच्या जुन्या घरांत फायरप्लेसची विटांची चिमणी असते. तिथेही शोधाचा नियम हाच. वरचं झाकण आहे का, माथ्यावरच्या सिमेंटला चिरा आहेत का, विटांमधला चुना झडलाय का आणि चिमणी छपराला मिळते तिथली पत्र्याची पट्टी सुटलीय का, या चार जागा पाहा. चिरेत शिरलेलं पाणी थंडीत गोठून फुगतं आणि चीर रुंदावते, म्हणून हे काम हिवाळ्याआधी उरका. छपरावर मात्र जाणकारालाच पाठवा.

खर्च कुणाचा?

महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या भिंतीतून येणाऱ्या पावसाच्या गळतीची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने व्हायला हवी. पण भोक तुम्ही पाडलेलं असेल तर सोसायटी तुमच्याकडे बोट दाखवणारच. म्हणून तक्रार लेखी द्या, सोबत फोटो आणि तो फ्रिजवरचा कागद जोडा. भाडेकरूंनीही घरमालकाला हेच पाठवावं. वरच्या मजल्यावरच्या काकूंकडेही भांडायला जाऊ नका, नोंद घेऊन जा. ‘‘काकू, पाऊस नसतानाही गळतंय, एकदा तुमचं बाथरूम बघू या का?’’ असं विचारलं तर दार उघडं राहतं.

माझ्या घरमालकांनी फोटो पाहिला आणि दुसऱ्याच दिवशी नवं काउल बसवायला माणूस पाठवला. तीच जुनी चिमणी आजही नीट चालते आहे.

लहानपणी ऐकलेल्या गोष्टीत चिऊताईचं घर मेणाचं असतं, म्हणून ते पावसात टिकतं. आपल्या स्वयंपाकघरातल्या चिमणीला ते भाग्य नाही. तिचं झाकण, उतार आणि फट तुम्हालाच बघावी लागेल. मे महिन्यात, पहिला पाऊस यायच्या आधी, एकदा खाली उतरून वर नजर टाका. मग जुलैमध्ये भजी निवांत तळा.