बोली नसलेला लिलाव

२०२५ च्या जुलैत अटलांटा शहरात मेजर लीग बेसबॉलचा ड्राफ्ट झाला. वॉशिंग्टन नॅशनल्स या संघाने पहिल्या क्रमांकावर ओक्लाहोमातला ईलाय विलिट्स हा सतरा वर्षांचा शाळकरी मुलगा निवडला. त्याआधी कित्येक आठवडे अमेरिकेतले क्रीडापत्रकार, स्काउट आणि चाहते पहिला कोण यावर वाद घालत होते. त्या अंदाजांत ओक्लाहोमाचाच ईथन हॉलिडे आणि लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा डावखुरा पिचर केड अँडरसन ही नावे पुढे होती. अँडरसन तिसरा गेला. हॉलिडे चौथ्या क्रमांकावर ‘घसरला’. मग करार झाले. पहिल्या आलेल्या विलिट्सला बोनस मिळाला ८२ लाख डॉलर, तिसऱ्या अँडरसनला ८८ लाख, आणि घसरलेल्या हॉलिडेला ९० लाख.

आयपीएलचा लिलाव पाहणाऱ्याला हे उलटेच वाटेल. लिलावात दोन संघ हट्टाला पेटले की खेळाडूचा भाव चढतो. ड्राफ्टमध्ये बोलीच नाही. तीस संघ पाळीपाळीने एकेक नाव पुकारतात, अशा वीस फेऱ्या होतात, आणि ज्याने नाव पुकारले त्या एकाच संघाशी त्या मुलाने बोलायचे. बाकीच्या एकोणतीस संघांची दारे त्याला त्या वर्षापुरती बंद. आदल्या हंगामात जे मागे पडले त्यांची पाळी आधी येते. २०२३ पासून पहिल्या सहा जागा सोडतीने ठरतात. मुलाच्या हातात एकच हत्यार उरते : ‘एवढ्यात नको, मी कॉलेजात जातो’ असे म्हणणे.

वर त्याची किंमतही बांधलेली. २०१२ पासून पहिल्या दहा फेऱ्यांतल्या प्रत्येक जागेला एक रक्कम ठरवून दिलेली असते. संघाच्या सगळ्या जागांची बेरीज म्हणजे त्याचा त्या वर्षीचा गल्ला. एकाला कमी देऊन दुसऱ्याला जास्त देता येते, पण बेरजेच्या पाच टक्क्यांहून वर गेले तर पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीची निवड जाते. २०२५ पर्यंत एकाही संघाने ही रेषा ओलांडलेली नाही. २०२५ मध्ये पहिल्या जागेची ठरलेली रक्कम १ कोटी १० लाख डॉलरच्या थोडी वर होती. विलिट्सने ८२ लाखांवर सही केली, म्हणजे २८ लाखांहून अधिक डॉलर खालच्या फेऱ्यांतल्या मुलांसाठी मोकळे झाले. विलिट्स गुणी नाही असे मला म्हणायचे नाही. पण ‘सर्वांत चांगला कोण’ या प्रश्नाचे उत्तर म्हणून आपण जो क्रम वाचतो, तो निम्मा हिशेबाच्या वहीतला क्रम असतो.

ह्यूस्टन अॅस्ट्रोजने हे पहिल्याच वर्षी, २०१२ मध्ये, दाखवून दिले. तेव्हा सगळ्यांचा अंदाज स्टॅनफर्डच्या मार्क अॅपेलवर होता. अॅस्ट्रोजने पोर्तो रिकोचा कार्लोस कोरेआ घेतला. जागेची किंमत ७२ लाख डॉलर, कोरेआची सही ४८ लाखांवर. वाचलेल्या पैशांतून त्यांनी एक्केचाळिसाव्या जागेवर लान्स मॅककलर्सला २५ लाख देऊन कॉलेजपासून तोडले. पाच वर्षांनी दोघेही विजेत्या संघात होते. अॅपेल आठव्या जागेपर्यंत खाली आला, त्याने सही नाकारली, आणि पुढच्या वर्षी त्याच अॅस्ट्रोजने त्याला पहिला निवडला. मेजर लीगच्या मैदानात तो पहिल्यांदा उतरला २०२२ मध्ये, फिलाडेल्फियाकडून, तिशीत.

गुणवत्तेचे अंदाज चुकतातच, त्यावर मी वेळ घालवणार नाही. २००९ मध्ये एंजल्सकडे चोविसावी आणि पंचविसावी अशा लागोपाठ दोन जागा होत्या. त्यांनी माइक ट्राउटला दुसऱ्यांदा पुकारले. एवढे उदाहरण पुरे.

माझी तक्रार अंदाज बांधणाऱ्यांच्या भाषेबद्दल आहे. ड्राफ्टआधीच्या प्रत्येक लेखात एक शब्द येतो, ‘साइनेबिलिटी’. सरळ अर्थ : या मुलाला किती पैशांत ‘हो’ म्हणायला लावता येईल? जो जास्त मागतो त्याच्याबद्दल ‘साइनेबिलिटीची अडचण आहे’ असे लिहिले जाते, जणू गुडघ्यात काही दोष आहे. ही माहिती कुठून येते? संघांकडून आणि एजंटांकडून. दोघांनाही ती पसरवण्यात रस असतो. अठरा वर्षांच्या पोराने आपल्या कष्टाची किंमत सांगितली तर त्याला अडचण म्हणायचे आणि अब्जावधींच्या मालकाने ती पाडली तर त्याला डावपेच म्हणायचे, हे मला पटत नाही.

ज्याच्याकडे ‘नको’ म्हणण्याची सोय नाही त्याचे काय होते, तेही पाहावे. कॉलेजची चार वर्षे संपलेल्या मुलाला परत जायला जागा नसते. सहाव्या ते दहाव्या फेरीत अशी मुले दहा-वीस हजार डॉलरवर सह्या करतात, कारण तिथे वाचलेला पैसा दुसऱ्या कोणाला तरी पुरवायचा असतो. वर्तमानपत्रांतल्या अंदाजांच्या यादीत यांची नावे नसतात.

मागे राहिलेल्या संघांना न्याय मिळावा म्हणून ड्राफ्ट आला, असे सांगतात. त्यात तथ्य आहे. १९४७ ते १९६४ या अठरा वर्षांत यांकीजने अमेरिकन लीग पंधरा वेळा जिंकली. अशा खेळात बाकीच्या गावांनी का रमावे? पण दुसरे कारणही तितकेच खरे. १९६४ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या रिक राइकार्टवर संघांची चढाओढ लागली आणि एंजल्सने त्याला दोन लाख डॉलरहून अधिक दिले. मालक हादरले. १९६५ मध्ये पहिला ड्राफ्ट झाला, आणि त्यातला पहिला खेळाडू रिक मंडे याला कॅन्सस सिटी अॅथलेटिक्सने सुमारे एक लाख दिले. एका वर्षात भाव निम्म्यावर.

या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात. दुबळ्या संघाला मोठा गल्ला द्या, बलाढ्य संघाला छोटा द्या, आणि कोणाकडे जायचे ते मुलाला ठरवू द्या. हे स्वप्नरंजन नाही. डॉमिनिकन रिपब्लिक आणि व्हेनेझुएलाच्या मुलांसाठी आजही जवळपास हीच पद्धत आहे. तिथले दोष मोठे आहेत, सोळाव्या वर्षी सही करायची म्हणून तेराव्या-चौदाव्या वर्षी तोंडी सौदे होतात, हे खरेच. पण ते दोष वयाचे आणि दलालीचे आहेत. संघ निवडण्याच्या हक्काने ते आलेले नाहीत.

२०१२ चे हे झाकण मालकांनी एकट्याने बसवलेले नाही. नोव्हेंबर २०११ च्या करारावर खेळाडूंच्या संघटनेचीही सही आहे. ड्राफ्टला उभी असलेली मुले त्या संघटनेची सभासद नसतात. त्यांचे पैसे कापायचे ठरले तेव्हा त्या टेबलाशी त्यांचे कोणीच नव्हते. स्टीफन स्ट्रासबर्गला २००९ मध्ये चार वर्षांसाठी १ कोटी ५१ लाख डॉलरचा थेट मेजर लीगचा करार मिळाला होता. तसे करारच नव्या नियमांनी बंद केले.

सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो. डॉमिनिकन मुलांनाही ड्राफ्टमध्ये आणावे ही मालकांची मागणी जुनी आहे. जुलै २०२२ मध्ये संघटनेने ती फेटाळली, कारण देऊ केलेला पैसा तिला अपुरा वाटला. अमेरिकेतल्या शाळकरी मुलांच्या पैशावर घातलेले झाकण मात्र तिने २०११ नंतरच्या प्रत्येक करारात मान्य केले आहे.